मातीला जाणारा खासदार

लिंबाजी, तुझ्या मातीला मी नव्हतो. माझ्या लौकिकाला हे शोभत नाही. इकडे नागपुरात कुणी गेलं की घरचे लोक आधी लाकडं सांगतात आणि मग मला फोन करतात, "सर, घाटावर दोन शब्द बोलाचे आहे तुमाले." अग्नी दिल्यावर तिथेच टिनाच्या शेडखाली शोकसभा घ्यायची ही आपल्या गावाची रीत, आणि तिला एक बोलका माणूस लागतो. तो बोलका माणूस गेली कित्येक वर्षं मी आहे. शाळेत जन्मभर पोरांनी माझं ऐकलं नाही. घाटावर लोक ऐकतात, कारण चिता पेटलेली असताना उठून जाता येत नाही.

आणि ज्याच्यासाठी घसा खाकरून खरोखर दोन शब्द बोलावे असा तू, तर तुझी माती मी मोबाइलवर पाहिली. तिकडे मलावीत तुझ्या लेकीनं, चिसोमोनं, फोन उंच धरला होता. चित्र मधेच थिजत होतं. लाल माती दिसली, पाठमोऱ्या बाया दिसल्या आणि बाकी सगळा वेळ कुणाचा तरी अंगठा.

"दिसून राह्यला का लिंबाजी?" तुझ्या वहिनीनं, शालूनं, मागून विचारलं.

"अंगठा दिसून राह्यला."

ती चिडली. मग रडायला लागली. तिचं तुला माहीतच आहे, तिला दोन्ही एकदमच येतं.

दुसऱ्या दिवशी चिसोमोचा पुन्हा फोन आला. ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, पण त्यात 'काका' आणि 'काहून' हे शब्द तुझ्याकडून आलेले, तुझ्याच हेलात. मला वाटलं, रडेल. तिनं सरळ विषयाला हात घातला.

"काका, बाबांची संसदेतली जागा रिकामी झाली. आता पोटनिवडणूक लागेल. मी उभी राहू का?"

"आई काय म्हणते?"

"आई म्हणते, या मतदारसंघानं घरातला एक माणूस खाल्ला, तेवढा पुरे."

"आणि तुझे काका, मामा?"

"ते म्हणतात, बापाची इच्छा काय होती ते बघ. म्हणून तुम्हाला विचारते. मनातलं ते तुमच्यापाशी बोलायचे. पुढच्या वेळी ते पुन्हा उभे राहणार होते ना?"

इथे मी काय केलं असेल? अर्थात विनोद केला. म्हटलं, "अगं, या वेळचंच अजून पुरतं झालं नव्हतं, पुढच्याचं काय घेऊन बसलीस." ती हसली नाही. म्हणाली, रविवारी चर्चमधून आल्यावर फोन करते, तोवर नीट आठवून सांगा.

आठवायचं काय त्यात? तू उभा राहणार नव्हतास. मला तू तसं स्पष्ट सांगितलं होतंस, आणि घरी सांगू नको म्हणून बजावलंही होतंस. आता तू नाहीस. तुझा शब्द माझ्या घशात अडकलाय. तो गिळला तर ती पोर बापाची इच्छा समजून त्याच चिखलात उतरेल. सांगितला तर तुझं नाव तिच्या मनात थकलेला, हार खाल्लेला माणूस म्हणून राहील. म्हणून हे लिहायला बसलोय. भांडायला तूच हवास आणि तू सोयीनं निघून गेलास.

तुला आठवतं, तू आमच्याकडे कसा आलास ते? आमच्या नंदनवन कॉलनीतल्या घराची वरची खोली रिकामी होती. दलालानं सांगितलं, परदेशी विद्यार्थी आहे, कायदा शिकायला आलाय, भाडं वेळेवर देईल. परदेशी म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे गोरा साहेब उभा राहिला. मी सीताबर्डीवर जाऊन काटे-चमचे आणले, पाव आणला, जॅमची बाटली आणली. शालूला म्हटलं, तिखट बंद. आणि दारात तू. गावातल्या किती घरमालकांनी तुला 'खोली आत्ताच गेली' म्हणून परत पाठवलं होतं ते तू पुढे कधीतरी सांगितलंस. त्या दिवशी तू ताटाकडे पाहिलंस, काट्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि मग हातानं जेवायला लागलास, माझ्यापेक्षा नीटनेटका. मी मात्र यजमान म्हणून काट्यानं भात खात बसलो. अर्धा भात मांडीवर.

काही दिवसांनी शालूनं ज्वारीच्या कण्या शिजवल्या. तू घास घेतलास आणि थांबलास. तुमच्याकडे मक्याच्या पिठाचं असंच घट्ट काहीतरी रोज असतं म्हणालास. नाव सांगितलंस, ते आम्हाला म्हणता येईना. तुझं लिंबानी हे नावही आमच्या जिभेवर फार टिकलं नाही. शालूनं त्याचा लिंबाजी केला आणि तू तो आयुष्यभर ठेवलास. तुझ्या प्रचाराच्या पत्रकावर लिंबानीपुढे कंसात ते नाव होतं, हे मी पाहिलं तेव्हा मला कळेना की हसावं की तुझ्या मतदारांची क्षमा मागावी.

तुझ्या देशात पहिल्यांदा एकाहून जास्त पक्षांची निवडणूक झाली तेव्हा तू इथे होतास. जन्मल्यापासून तू एकच पक्ष, एकच माणूस, एकच फोटो पाहिलेला. संध्याकाळी गच्चीवर रेडिओ कानाला लावून बसायचास. मी त्याच सुमारास निवडणूक ड्यूटी करून आलो होतो. मतदारांच्या बोटाला शाई लावायचं काम मला दिलं होतं, आणि मी बाटलीचं बूच दातांनी उघडायला गेलो. शाई ओठांना, हनुवटीला, शर्टाला. त्यानंतर कित्येक दिवस मी तोंडाला रुमाल लावून वर्गात शिकवलं.

तू ती हनुवटी पाहून हसला नाहीस. जवळ येऊन बघितलीस आणि म्हणालास, "माझ्या आईच्या बोटाले पण लागली असंल आज." आणि मान फिरवलीस. मी पहिल्यांदा त्या शाईकडे जरा आदरानं पाहिलं. एरवी इतक्या निवडणुका केल्या, मला ते नेहमी मुलांच्या हजेरीसारखंच वाटत आलं. करायची म्हणून करायची.

पण तुझ्या डोक्यात उमेदवारी शिरली ती माझ्या मूर्खपणातून. त्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे गुरुजी वारले होते. स्कूटरच्या मागे तू बसलेला. गंगाबाई घाटावर पोचलो तर त्या दिवशी दोन मयती शेजारीशेजारी. धूर, गर्दी, सगळ्यांचे पांढरे कपडे. कुणीतरी म्हणालं, "या सर, तुमचीच वाट पाहून राह्यलो." मी उभा राहिलो आणि सुरू झालो. रंगांची त्यांना उपजत जाण होती. गरिबांच्या पोरांकडे त्यांनी कधी पैसे मागितले नाहीत. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज देशभर नाव काढत आहेत. लोक डोळे पुसत होते. मला वाटलं, आज रंगलं. खाली आलो तर थोरल्या मुलानं माझे दोन्ही हात धरले. "सर, बाबूजी पोट्टे शिकवत होते, हे आमाले आजच समजलं. घरात कधी बोललेच नाही."

गांधीबागेतले कापडाचे व्यापारी होते ते. रंगांची जाण तेवढी बरोबर निघाली. पलीकडच्या चितेजवळ आमचे मुख्याध्यापक वक्त्याविना उभे होते, माझ्याकडे बघत.

परत येताना तू मागे इतका हसत होतास की स्कूटर रस्ता सोडून चालली होती. मग चहाच्या टपरीवर एकदम गप्प झालास.

"भाऊ, आमच्याकडे पुढारी हेच करते. मोटारीतून उतरते, मेलेल्याचं नाव चुकवते, लंबं भाषण देते. आन् घरचे त्याचे पाय धरते. मोठा मानूस आला म्हनून."

"मग? कुठंही तेच."

"मी उभा राहीन ना, तर आधी नाव विचारीन."

"तू उभा राहशील? इलेक्शनले?"

"काहून नाही?"

मी हसलो होतो. माझं हे असंच. गंभीर गोष्ट कानावर आली की तोंड आधी हसून घेतं.

तू गेलास, वकील झालास, लग्न केलंस, आणि एके दिवशी फोनवर सांगितलंस की अपक्ष म्हणून अर्ज भरतोय. चिन्ह मडकं घेतोय. मी ओरडलो, "मडकं नको गा! आमच्याकडे मडकं पुढं निघालं की मागून मानूस आडवा येते." तू म्हणालास, तुमच्याकडे असेल, आमच्याकडे त्यात पाणी असतं. चिन्हाच्या बाबतीत तू माझं ऐकलं नाहीस, हे शहाणपणाचं केलंस. भाषणाच्या बाबतीत ऐकलंस.

मीच सांगितलं होतं ना तुला, मयतीत बोललास की शेवटी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं कर. घाटावर आम्ही तसंच करतो. माणसाला वजन येतं. गडबड शांत होते, आणि शांत केली कुणी, तर यानं, हे लोकांच्या लक्षात राहतं. माझी आयुष्यभराची कमाई म्हणून मी तुला हा मंत्र दिला. आणि तू तुझ्या मतदारसंघातल्या सगळ्यात मोठ्या गावच्या म्हातारीच्या मातीला जाऊन तो वापरलास.

तुमच्याकडे मयतीत बाया गातात. आदल्या दिवसापासून त्या गातच असतात, गळा बसला की दुसरी उचलते. गाणं थांबलं म्हणजे मेलेल्याला एकटं सोडलं. तू हात वर करून त्यांना गप्प केलंस. तुझ्या तोंडून तो प्रसंग मी इतक्यांदा ऐकलाय की मला त्या बाया ओळखीच्या वाटतात. एक म्हातारी डोळे मिटून, ओठ दाबून बसली म्हणालास. मग भर शांततेत तिनं शेजारणीला विचारलं, "मेली ती आहे की आपण?"

विरोधकाला आणखी काय हवं होतं? प्रत्येक सभेत तो एवढंच सांगत फिरला, हा भारतात जाऊन शिकून आलाय, आपल्या बायांची तोंडं बंद करायला. बायांनी तुला पाडलं. निकालानंतर तुझा फोन.

"भाऊ, तुमच्या दोन मिन्टानं माझे पाच वर्षं खाल्ले."

मी म्हटलं, "आमच्याकडं तर दोन मिन्टात लोक घड्याळ पाहते बे."

त्या दिवशी तू हसलास. अनामत गेल्यावर, कर्ज झाल्यावर, हसलास. तेव्हा हसायची ताकद होती तुझ्यात. दुसऱ्यांदा पडलास तेव्हाही होती. मी दोन्ही वेळा तुला सांगितलं, आता बस कर, वकिली कर, लेकीला शिकव. राजकारण हे आपल्यासारख्यांचं काम नाही. तू म्हणायचास, "आपल्यासारख्यांचं म्हंजे कोनाचं गा? तू तर शाई पन नीट लावत नाही." या वादाचा निकाल कधी लागला नाही.

तिसऱ्यांदा तू निवडून आलास. कसा, ते मला चिसोमोनं सांगितलं. ती शेती खात्यात आहे, मोटारसायकलवर गावोगाव हिंडून बियाणं आणि खत समजावून सांगते. तिच्या मागे बसून तू जायचास. मयतीच्या आधी पोचायचास, स्वयंपाक करणाऱ्या बायांजवळ जमिनीवर बसायचास, नाव विचारायचास, आणि माणसाची एखादी गोष्ट विचारायचास. मग बोलायला बोलावलं की नाव आणि तेवढी गोष्ट सांगून खाली बसायचास. मतं मागायचा नाहीस. एका ठिकाणी म्हणे फक्त एवढंच म्हणालास, "ही बाई आपल्या कोंबड्यांना आडनावांनी हाक मारायची," आणि सगळी मयत रडता रडता हसली. मी गेली कित्येक वर्षं घाटावर बोलतोय. असं एक वाक्य मला सुचलेलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी शालूनं गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कोन निवडून आलं वं?" शालू म्हणाली, "आमचा लिंबाजी. आफ्रिकेत." काकूंनी अजिबात चकित न होता दुसरा पेढा उचलला.

आणि तिथून तू थकत गेलास.

हे मला कळायला वेळ लागला, कारण तू सांगत होतास आणि मी विनोद करत होतो. उमेदवार मातीला आला तर लोकांना बरं वाटतं. खासदार आला तर लोक विचारतात, शवपेटी कुठे आहे? पेटी खासदारानं द्यायची. पाहुण्यांना आणायला गाडी खासदारानं द्यायची. मक्याचं पीठ खासदारानं द्यायचं. कायद्यात तसं काही नाही, पण कायदा तिकडे राजधानीत आणि मेलेला माणूस इथे अंगणात. तू एका घरी पेटी दिलीस की शेजारचं गाव फोन करायचं. न दिलीस तर, 'मतं घ्यायला आला होता, आता ओळखत नाही.' पाण्याच्या बोअरिंगसाठी, शाळेच्या छपरासाठी, संसदेत प्रश्न विचारायला म्हणून निवडून गेलास आणि सुताराच्या दारात दिवस काढायला लागलास.

मी म्हणायचो, "एकदा नाही म्हन. एकदाच. आमच्या इथला नगरसेवक शववाहिनी पाठवते, मांडव पाठवते, पन सोता घरी झोपते."

"तुमच्या नगरसेवकापुढं लोक कमी रडतेत गा."

 

शेवटचा फोन तू गाडीतून केला होतास. रस्ता खराब होता, आवाज उडत होता. एका मातीहून दुसऱ्या मातीला चालला होतास.

"थकून राह्यलो भाऊ."

"झोप घे थोडी."

"संसदेत घेतो ना. बसलो का डोये लागते. पेपरात फोटो आला, खासदार झोपला म्हनून."

"मग तर तू खरा खासदार झाला बे! आमच्याकडं तर परंपराच आहे."

हसू आलं नाही पलीकडून. गाडीचा खडखडाट तेवढा ऐकू येत राहिला. 

मग तू म्हणालास, "पुढच्या वेळी नाही उभा राहात मी. घरी नको सांगू. चिसोमोले वाटते, बाप वाघ आहे." आणि थोड्या वेळानं, "मी नागपुरात येतो. महिनाभर. काही करत नाही. वहिनीच्या हातच्या कण्या खातो आन् गच्चीवर बसतो. चालंल?"

"चालंल म्हंजे? ये न."

ही आपली शेवटची बातचीत. मी लगेच शालूला सांगितलं, वरची खोली झाडून घे. तिनं घेतलीही. नवी चादर टाकली. ती चादर तशीच आहे. मी वर गेलो नाही.

तू एका मातीहून येताना गाडीतच गेलास, असं चिसोमो म्हणाली. मागच्या सीटवर टेकून. ड्रायव्हरला वाटलं, झोपलास.

आता सांग, काय करू? शालूला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "सांगून टाका. लेकरू आहे ते. बाप थकला होता हे तिले समजलं तर तिचंच भलं होईन."

"पन त्यानं नको म्हटलं होतं."

"तो गेला न. आता त्याचं नको आन् तुमचं हो, दोन्ही तिच्याच कामी आलं पायजे." मग म्हणाली, "आन् विनोद करू नका बाप्पा त्यावक्ती. एक वेळा तरी."

शालूचं म्हणणं पटतं. मग मला त्या पोरीच्या मोटारसायकलवर मागे बसलेला तू दिसतोस. तो सगळा मतदारसंघ तिला वाटावाट माहीत आहे. फोनवर तिनं मला सांगितलं होतं, मी उभी राहिले तर स्टेजवरून पहिल्याच सभेत सांगणार आहे, मातीला येईन, पेटी देणार नाही. मी मनात म्हटलं, पडली ही. नक्की पडली. नागपुरात कुणी असं बोललं असतं तर त्याच्या सभेला खुर्च्याही बसल्या नसत्या. आणि तरी तिनं ते म्हटल्यापासून माझ्या मनात कुठेतरी बरं वाटतंय. तूही हेच म्हणायला हवं होतंस. तुझ्यानं झालं नाही. तू फार मऊ होतास, लिंबाजी. मेलेल्याच्या घरी नाही म्हणणं तुला जमलं नाही, आणि मी इथून पंख्याखाली बसून तुला 'एकदाच नाही म्हण' सांगत राहिलो.

खरं सांगू का? मीही थकलोय. इथेही निवडणूक येते, भोंगे वाजतात, पत्रकं दारात पडतात, हात जोडलेले तेच फोटो. मी जातो, बोट पुढे करतो, शाई लावून घेतो, येतो. कशानं काय होतं, असं वाटतं. मग तुझी आठवण येते, आईच्या बोटाबद्दल बोलतानाचा तू. आणि त्याच माणसाला मतं देणाऱ्यांनीच दमवून दमवून संपवलं हेही आठवतं. दोन्ही खरं आहे. यातलं चिसोमोला काय सांगायचं, ते बाप म्हणून तूच सांगायला हवं होतंस ना?

इथवर लिहिलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. आज रविवार, संध्याकाळ. फोन येऊन गेला. तुला सांगायला पुन्हा बसलोय.

मी विनोद केला नाही. शालू समोरच बसली होती, तिचे डोळे माझ्यावर.

"चिसोमो," मी म्हटलं, "तुझे बाबा पुढच्या वेळी उभे राहणार नव्हते. थकले होते फार. मला सांगितलं होतं, आणि तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. एवढंच मला ठाऊक आहे. आता तुला काय करायचं ते कर."

 पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी लांबून हाक मारत होतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "घरी आले की बूट घालूनच झोपायचे. मीच काढायचे ते."

"मग मला काहून विचारलं पोरी?"

"त्यांनी ते कुणाला सांगितलं होतं की नाही, हे बघायचं होतं. आम्हाला कधीच नाही सांगितलं. मला वाटलं, हा माणूस एवढा थकला आणि एकाही माणसाला न बोलता गेला. ते मला सहन होत नव्हतं."

मी नुसतं 'हं' म्हटलं. घाटावरचा बोलका माणूस.

"म्हणजे तुम्हाला ते सांगायचे," ती म्हणाली. "किती वेळा?"

"पुष्कळदा. मी हसण्यावारी न्यायचो."

"चालेल. तरी सांगत होते ना." मग तिचा आवाज एकदम कामाचा झाला. "काका, मी अर्ज भरणार आहे. पेटी देणार नाही असंच सांगणार आहे. आई रागावेल, लोक रागावतील. बहुतेक पडेन. मला तुमचा सल्ला नको. तुमचा सल्ला घेऊन बाबा पहिल्यांदा पडले होते."

शालूला ऐकू गेलं असावं, ती तोंडावर पदर घेऊन हसली.

"मग काय पायजे?"

"ते थकले की तुम्हाला फोन करायचे. मला पण तशी एक जागा हवी. इथे माझ्या गावात मला थकलेलं कुणी बघता कामा नये. केला तर चालेल?"

लिंबाजी, मी हो म्हटलं. म्हटलं, माझं वय झालंय, कान जरा कमी ऐकतात, पण फोन उचलीन. ती म्हणाली, मग आजपासूनच सुरू करू का, आज सकाळी चर्चमध्ये काय काय ऐकावं लागलं ते ऐका. आणि ती बोलायला लागली. शालूनं खुणेनं विचारलं, काय म्हणते? मी हातानंच थांब म्हटलं, खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि बसलो.